काढलेला गाळ कुणाच्या जाळ्यात जातो?

डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये झालं. त्याआधीपासून पेटलेला वाद त्यानंतर आणखी तापला. वाहिन्यांवरच्या चर्चा असोत, वर्तमानपत्रांतले लेख असोत की किनाऱ्यावरच्या गावसभा, प्रश्न एकच: बंदर हवं की नको? एकीकडून 76,220 कोटींचा आकडा आणि रोजगाराची आशा पुढे येते, दुसरीकडून डहाणूच्या चिकूच्या वाड्या आणि मच्छीमाराचं पोट. दोन्ही बाजूंची माणसं कळकळीने बोलतात, पण ‘हवं की नको’ ह्या खुंट्याला बांधलेली चर्चा फिरून फिरून तिथेच येते. दरम्यान जी बंदरं आधीच उभी आहेत, चालू आहेत, ज्यांना कुणाचाही विरोध उरलेला नाही, तिथे वर्षानुवर्षं एक काम चाललेलं असतं. तळ उकरायचा, गाळ जहाजात भरायचा आणि बाहेर नेऊन समुद्रात सोडायचा. तो गाळ कुठे सोडला, त्यात काय होतं आणि सोडल्यावर तो कुठे गेला, हे चर्चेत कुणी विचारत नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. ड्रेजिंग, म्हणजे हे तळ उकरणं, बंद करा असं मी म्हणत नाही. माझी मागणी अशी की समुद्रात गाळ टाकणं हे स्वतंत्र कृत्य मानावं, बंदराच्या परवानगीच्या पोटातली एक अट नव्हे. त्यासाठी वेगळा कायदा हवा, मुदतीचा वेगळा परवाना हवा, आणि गाळ निरुपद्रवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी टाकणाऱ्याची हवी. आज ती जबाबदारी ज्याच्या जाळ्यात गाळ येतो त्याच्यावर आहे. नुकसान झालं हे त्याने सिद्ध करायचं, तेही कुठलीच मोजणी त्याच्या हातात नसताना.

उत्तर कोकणातल्या एका कोळीवाड्यात मी डोलीचं जाळं ओढताना पाहिलं आहे. ज्यांना डोल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे लांबलचक पिशवीसारखं जाळं असतं. त्याचं तोंड समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधतात, भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी त्यातून वाहतं आणि बोंबील, जवळा, मांदेली, कोळंबी शेवटच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत, साठते. जाळं माशामागे जात नाही, पाणीच मासा घेऊन येतं. त्या दिवशी पाण्याने आणला तो चिखल. चार माणसांनी ओढायचं जाळं सहा जणांना आवरेना. खोला सोडला तेव्हा राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ नावेत पसरला, आणि त्यात बोटभर बोंबील रुतलेले. नाखव्याने मूठभर गाळ बोटांत चोळून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “हा आमच्या पाण्याचा नाय.” किनाऱ्यावर बायका टोपलीभर जवळा तीन-तीन पाण्यांतून काढत होत्या, तरी सुकवल्यावर तो दाताखाली करकरणार आणि बाजारात कमी भावाने जाणार हे त्यांना ठाऊक होतं. ट्रॉलरवाला जागा बदलू शकतो. डोलवाल्याची जागा ठरलेली, बहुतेकदा आज्याच्या काळापासून. तो खुंट उपटून कुठे जाणार?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. गाळ समुद्राचाच आहे, तो समुद्रातच परत गेला तर बिघडलं काय? मुंबईच्या आसपासचं पाणी मुळात गढूळ. उधाणाला पाच मीटरच्या आसपास चढउतार होतो, पावसाळ्यात उल्हास, वैतरणा, पाताळगंगा, कुंडलिका डोंगरची माती ओतत राहतात. इथले मासे गढूळ पाण्यातच जन्मले, त्यातच वाढले. हे सगळं खरं आहे. त्याहून पुढे जाऊन मी म्हणेन की चिखल हा माशांचा शत्रू नाहीच. केरळच्या किनाऱ्यावर ऐन पावसाळ्यात ‘चाकरा’ म्हणून चिखलाचे पट्टे तयार होतात. त्यांच्यावर खवळलेला समुद्रही शांत होतो, मासळी दाटीने येते, आणि मच्छीमार त्यांची वाट पाहत असतात. त्यामुळे ‘गाळ म्हणजे विष’ असं सरसकट ओरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण निसर्गाचा गाळ ऋतूनुसार येतो, शेकडो चौरस किलोमीटरांवर पसरतो, आणि तो कधी येणार हे नाखव्याला तिथीवरून कळतं. ड्रेजरच्या हॉपरचं, म्हणजे गाळ भरायच्या टाकीचं, तळाचं दार उघडलं की हजारो घनमीटर गाळ काही मिनिटांत एका ठिकाणी कोसळतो. बराचसा भाग लोळासारखा थेट तळाशी जाऊन तिथल्या जिवांना गाडतो. बारीक भाग प्रवाहाबरोबर निघतो, आणि तळाशी बसलेलाही पुढच्या उधाणाला पुन्हा उठतो. काही तासांनी तेच जहाज पुढची खेप घेऊन हजर. पावसाच्या सरीचं पाणी आणि फुटलेल्या टाकीचं पाणी, दोन्ही पाणीच. म्हणून दोन्हींचं नुकसान सारखं धरायचं का?

शिवाय सगळा गाळ एका जातीचा नसतो. भर समुद्रातल्या मार्गावरची वाळू वेगळी, आणि गोदीच्या भिंतीलगत, खाडीच्या कडेला वर्षानुवर्षं निजलेला चिखल वेगळा. बारीक चिखलाचे कण धातू आणि तेलकट रसायनं धरून ठेवतात, म्हणून बंदराचा तळ हे त्या शहराच्या उद्योगांचं जुनं दप्तर असतं. ठाणे खाडीच्या काठावर 1960 च्या दशकापासून रासायनिक कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. त्याचं सांडपाणी कुठे गेलं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिलटिन हे विषारी रसायन असायचं. त्याने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवांची शेती बसवली, फ्रान्सने 1982 मध्ये लहान बोटींना तो रंग बंद केला, आणि जगभरची बंदी अमलात यायला 2008 उजाडलं. रंग बंद झाला तरी गोद्यांच्या चिखलात तो उरतोच. जपानमधल्या मिनामाताचं उदाहरण, जिथे कारखान्याच्या पाऱ्याने मासे आणि ते खाणारी माणसं विषबाधित झाली, बऱ्याच जणांना माहीत आहे, पण त्याचा शेवट फारसा सांगितला जात नाही. कारखान्याने पारा सोडणं 1968 मध्ये थांबवलं, तरी उपसागराचा तळ पाऱ्याने भरलेलाच होता. जपानने 1977 ते 1990 अशी तब्बल 13 वर्षं तो गाळ उकरला आणि भर समुद्रात न टाकता बंदिस्त भराव करून सुमारे 58 हेक्टर जमिनीखाली कोंडला. सोडणं थांबल्यावरही गाळ विसरत नाही, आणि ड्रेजर तो झोपलेला गाळ उठवतो.

मग आपला कायदा काय विचारतो? 1908 च्या भारतीय बंदर कायद्याच्या 21 व्या कलमात बंदरात नीरम (जहाजाचा तोल राखायला भरलेलं वजन), केरकचरा किंवा जिच्यामुळे उथळ दांडा तयार होईल वा जहाजांच्या ये-जा करण्याला अडथळा होईल अशी वस्तू टाकायला मनाई होती. नीट वाचलं तर काळजी जहाजाची आहे, तळ वर येऊन जहाज रुतू नये एवढीच. त्या काळी ते स्वाभाविक होतं. तो कायदा आता मागे पडला, 2025 मध्ये नवा आला, पण विचारण्याची सवय तीच राहिली. 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आणि तिच्या दुरुस्त्या नव्या खोदकामाला मंजुरी मागतात. देखभालीचं ड्रेजिंग, म्हणजे खोदलेल्या मार्गात पुन्हा साचणारा गाळ काढणं, मात्र मूळ प्रस्तावात असलं आणि त्याला मंजुरी मिळालेली असली की सूट. म्हणजे नवा मार्ग खोदताना एकदा कागद तपासायचे आणि पुढची वीस-तीस वर्षं दरवर्षी गाळ टाकत राहायचा. त्या वीस वर्षांत काठावर किती कारखाने आले, किती नाले वाढले, गाळ कसा बदलला, हे पुन्हा विचारायची सक्ती नाही. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना, प्रदूषण नियंत्रण मंडळ, बंदर प्राधिकरण, मत्स्यव्यवसाय खातं, प्रत्येकाकडे एक तुकडा आहे. अख्खा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नाही.

आपल्याकडे ज्ञान नाही म्हणून हे होतं, असं कुणी म्हणू नये. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासून आहे. देशातल्या बंदरांसाठी प्रवाहांची प्रारूपं बनवून गाळ टाकायची जागा सुचवण्याचं काम तिथे होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी स्कँडियम-46 मिसळलेली काचेची पूड तळाशी सोडून, तिचा माग काढून, गाळ कुठल्या दिशेला सरकतो हे अनेक बंदरांत मोजून दाखवलं आहे. किती सुंदर, काटेकोर काम! पण अशा अभ्यासांचा मुख्य रोख कशावर असतो? टाकलेला गाळ परत जहाजांच्या मार्गात येईल का, ह्यावर. तीच पूड, तीच प्रारूपं, तेच शास्त्रज्ञ आणखी एका प्रश्नाचं उत्तर देऊ शकतात: हा गाळ डोलीच्या खुंटांकडे जाईल का, कालवांच्या खडकांवर बसेल का? तो प्रश्न विचारायला कायद्याने भाग पाडलं पाहिजे, आणि उत्तर मराठीत, गावात, जागा ठरण्याआधी सांगितलं पाहिजे.

गाळाबद्दलचे प्रश्न न विचारल्याची किंमत मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच मोजली आहे. 1920 च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात दक्षिण मुंबईतल्या बॅक बे उपसागराचा भराव सुरू झाला. बंदरातला चिखल ड्रेजरने काढायचा आणि नळातून बॅक बेमध्ये ओतायचा, अशी योजना. तळाची माती कशी आहे आणि ड्रेजर किती काढील, ह्याचे अंदाज साफ चुकले. ओतलेला चिखल समुद्रभिंतीतून झिरपून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, खर्च फुगत गेला. वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी हे चव्हाट्यावर आणलं, तर त्यांच्यावर एका इंजिनिअरने बदनामीचा खटला भरला. 1928 मध्ये ते निर्दोष सुटले. ज्या भरावाच्या हिशेबासाठी ते झगडले त्याच भागातल्या नरिमन पॉइंटला आज त्यांचं नाव आहे. तेव्हाही मोठे इंजिनिअर होते, नकाशे होते, अहवाल होते. नव्हती ती एक गोष्ट: बाहेरच्या माणसाला आकडे तपासायचा हक्क.

चुकीच्या खुंट्याला बांधलेल्या वादाचं दुसरं उदाहरण सेतुसमुद्रम, भारत आणि श्रीलंकेच्या मधल्या उथळ समुद्रात जहाजांसाठी मार्ग खोदायचा प्रकल्प. 2005 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पात सुमारे 8 कोटी घनमीटर गाळ आणि वाळू उकरली जाणार होती, तीही मन्नारच्या आखाताच्या जीवावरण राखीव क्षेत्राला खेटून. देशभर वाद झाला तो रामसेतूचा. श्रद्धेचा प्रश्न मी लहान मानत नाही. पण एवढा गाळ कुठे टाकणार आणि प्रवाळांचं काय होणार, हे विचारणाऱ्या मच्छीमारांचा आणि अभ्यासकांचा आवाज त्या गदारोळात बुडाला. काम थांबलं, पण गाळाबद्दल देश म्हणून आपण काहीच शिकलो नाही.

पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही एक कडू गोष्ट ऐकावी. 2021 च्या शरदात इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टीस नदीच्या मुखाजवळ, खेकडे आणि शेवंडी ढिगांनी मरून किनाऱ्याला लागल्या. मच्छीमारांचं बोट ड्रेजिंगकडे. सरकारी यंत्रणा आधी शेवाळाकडे बोट दाखवत होत्या. जानेवारी 2023 मध्ये स्वतंत्र तज्ज्ञगटाने सांगितलं की ड्रेजिंग कारण असण्याची शक्यता फार कमी आहे, एखादा नवा रोगजंतू असू शकतो. ठाम पुरावा त्यांनाही सापडला नाही. बंदरवाले हे उदाहरण आवडीने देतील: पाहा, उगाच आरोप! मी त्यातून उलटा अर्थ काढतो. आधीची मोजणी, दर महिन्याचे नमुने, खेपांची खुली नोंद असती तर मच्छीमार आणि सरकार दीड वर्षं एकमेकांना खोटं ठरवत बसले नसते. ज्याचं काम खरोखर निर्दोष आहे त्याला तपासणीचा सगळ्यात मोठा आधार असतो. मग बंदरांनी तिला विरोध का करावा?

खर्चासाठी, असं उत्तर येतं. लांब नेऊन टाकायचं तर फेरी वाढते, डिझेल वाढतं, जहाज जास्त दिवस भाड्याने ठेवावं लागतं. मान्य. पण आजही तो खर्च कुणीतरी करतंच आहे. जाळं फाटलं, दिवस वाया गेला, मासळीला भाव आला नाही, हा ड्रेजिंगचाच खर्च आहे, फक्त तो निविदेत दिसत नाही. आणि जवळ टाकलेला गाळ भरतीबरोबर मार्गात परत आला तर तोच गाळ दुसऱ्यांदा काढायचे पैसे बंदरच मोजतं. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराने ह्याच कारणासाठी गाळ टाकायची जुनी जागा सोडून पुढची शोधली. त्या बंदराने त्याहून मोठी गोष्ट केली. गाळ तपासून वेगळा करायला सुरुवात केली: स्वच्छ तो समुद्रात, दूषित तो 1987 मध्ये बांधलेल्या ‘स्लुफ्टर’ नावाच्या बंदिस्त साठवणीत. दूषित गाळ साठवणं महाग पडतं हे दिसल्यावर बंदराने ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाला जाऊन, कुठला कारखाना काय सोडतो हे शोधलं आणि दावा लावण्याची तयारी ठेवून त्यांच्याकडून कपातीचे करार करून घेतले. गाळ सुधारत गेला. गाळ फुकट टाकता येत होता तोवर वरच्या कारखान्यांशी भांडायचं बंदराला काय पडलं होतं? ठाणे खाडीच्या बाबतीत हीच कळ दाबायची आहे. गोदीतला विषारी गाळ टाकायला पैसे पडू लागले की नाल्याच्या तोंडाशी जाऊन विचारणारं एक सबळ माणूस तयार होईल, जे आज नाही.

मग सरसकट बंदीच का नको, असं माझे काही मित्र विचारतात. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरिअर रीफच्या सागरी उद्यानात 2014 च्या सुरुवातीला 30 लाख घनमीटर गाळ टाकायची परवानगी दिली, लोक उठले, आणि 2015 मध्ये नव्या खोदकामाचा गाळ तिथे टाकायला बंदी आली. तो विजय खराच. पण देखभालीच्या गाळाला बंदी नव्हतीच, आणि 2019 मध्ये तसा दहा लाख टन गाळ टाकायला परवानगी मिळाली. बंदीच्या घोषणेत जी फट राहते तिच्यातूनच बहुतेक गाळ वाहतो. दुसरं, ड्रेजिंग फक्त बड्या बंदरांना लागतं असं नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून कितीतरी मासेमारी बंदरांत गाळ काढा म्हणून मच्छीमारच वर्षानुवर्षं मागणी करतात. खाडीच्या तोंडावरच्या दांड्यावर बोटी आपटतात, माणसं जातात. आणि समुद्रात नको तर जमिनीवर कुठे? खारा चिखल शेतात टाकला तर शेत गेलं, तिवरांवर टाकला तर मुळांचा श्वास कोंडून ती मेली. म्हणून पर्याय तपासण्याचा क्रम कायद्यात हवा: आधी उपयोग होतो का पाहा, मग सुरक्षित समुद्री जागा, आणि दूषित असेल तर बंदिस्त साठवण. समुद्रात कचरा टाकण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराची, 1996 च्या लंडन प्रोटोकॉलची, रीत हीच आहे. काहीही समुद्रात टाकायला मनाई, यादीतल्या मोजक्या वस्तू अपवाद, त्यात बंदरातला गाळ पहिला, आणि त्यालाही तपासणीनंतरच परवाना. भारताने 1995 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या 210 व्या कलमातही लिहिलं आहे की समुद्रात टाकण्याबद्दलचे देशाचे कायदे जागतिक नियमांपेक्षा कमी परिणामकारक नसावेत. आपण शब्द दिला आहे, तो पाळायचा आहे.

कायदा कागदावर राहिला तर? ही भीती मलाही आहे. मुंबईत मिठी नदीचा गाळ रस्त्यावरून, ट्रकमधून, लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत जातो. तरीही मे 2025 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेला सुमारे 65 कोटींच्या नुकसानीचा गुन्हा नोंदवावा लागला, आणि गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट असल्याचा आरोप त्यात आहे. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण जमिनीवर ही गत, तर रात्री दोन वाजता किनाऱ्यापासून कित्येक मैल आत हॉपर ठरलेल्या जागी उघडला की चार मैल अलीकडे, हे कोण पाहतं? जहाजाची जागा सांगणारी यंत्रं आज प्रत्येक ड्रेजरवर आहेत, दार उघडल्याची वेळही नोंदता येते. ती नोंद त्याच दिवशी सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवणं ही परवान्याची पहिली अट असावी. त्या नाखव्याच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जाळ्यात गाळ आला त्या तारखांभोवती त्याने निळा गोल केला आहे. ड्रेजरच्या खेपांची नोंद तिच्याशेजारी ठेवता आली तर पंचनाम्याचं अर्धं काम तिथेच होईल.

गोव्यात 2016 मध्ये मुरगाव बंदराच्या मार्ग खोलीकरणाची मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने रद्द केली, कारण जनसुनावणी टाळली होती. पुढच्या वर्षी वास्कोत सुनावणी झाली तेव्हा लोक दिवसेंदिवस बोलत राहिले. ऐकायला बसलं की लोकांकडे सांगण्यासारखं खूप असतं. कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्यात कुठला मासा पिलं टाकतो हे डोलवाल्याइतकं कुणाला ठाऊक? ह्याच ज्ञानाच्या नावाने पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांना वाढू द्या म्हणून कोळी दोन महिने घरी बसतो, कर्ज काढतो, नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. गाळाच्या परवान्यातही असे बंद महिने लिहावेत, त्या त्या खाडीतल्या माशांप्रमाणे, आणि ते ठरवायच्या बैठकीत मच्छीमार सोसायट्यांना मत असावं, केवळ हजेरी नव्हे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर 1981 च्या कायद्याने राज्याचा अधिकार चालतो. तिथली मासेमारी राखायची म्हणून गाळाच्या जागांबद्दल आपलं म्हणणं केंद्राकडे आणि बंदर प्राधिकरणांकडे लेखी मांडायला महाराष्ट्राला दिल्लीच्या नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने ते ह्या पावसाळ्याच्या आत मांडावं.